आकाशातला समुद्र

रायगड जिल्ह्याच्या नकाशात कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके पूर्वेच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी टेकून बसलेले दिसतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांना समुद्राचा शेजार लाभला आहे. कर्जत-खालापूरला तो लाभलेला नाही. भरती-ओहोटीच्या वेळा, मचव्याचे शीड, वाळत घातलेली जाळी या गोष्टी येथील मुलांच्या रोजच्या पाहण्यातल्या नव्हेत. त्यांच्या डोळ्यांपुढे उभा असतो तो डोंगर. एकीकडे माथेरानचे पठार, प्रबळगड आणि इर्शाळगड. दुसरीकडे ढाक, राजमाची आणि नागफणीचा सुळका. मध्ये भाताची खाचरे, आणि त्यांच्या कडेने वळणे घेत जाणाऱ्या उल्हास व पाताळगंगा या नद्या. हे सारे डोंगरांनी वेढलेले जग आहे.

तरीही वर्षातील चार महिने समुद्र या तालुक्यांच्या भेटीला येतोच. तो जमिनीवरून येत नाही, आकाशातून येतो. अरबी समुद्रावरून निघालेले नैर्ऋत्येचे वारे बाष्पाचे ओझे घेऊन कोकणपट्टी ओलांडतात आणि सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात. पुढची वाट अडली म्हणजे ते वर चढू लागतात. वर जाताना हवा थंड होते, तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात आणि मग घाटाखालच्या या पट्ट्यावर पाऊस अक्षरशः कोसळू लागतो. माथेरानच्या पठारावर वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुढे हेच पाणी उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या वाटेने पुन्हा खाडीला आणि समुद्राला जाऊन मिळते. म्हणजे ढग हा वाटेवर असलेला समुद्रच होय, आणि नदी ही घरी परतणारा ढग.

येथला शेतकरी आकाशाकडे निरखून पाहतो. मृगाचा ढग आणि आर्द्रेचा ढग यांतला फरक त्याला सांगावा लागत नाही. राजमाचीवर काळोख दाटला की इरले कोठे ठेवले आहे याची त्याला आठवण होते. परंतु त्याचे हे पाहणे कामापुरते असते. पाऊस येणार की नाही, लावणी आज करावी की उद्या, नदीला उतार असेल की नाही, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्याची नजर पुन्हा जमिनीकडे वळते. त्यात काही वावगे नाही. पोट त्याच जमिनीवर अवलंबून असते. मात्र आकाशाकडे आणि पाण्याकडे पाहण्याची आणखीही एक रीत आहे. तीमध्ये काही मिळवण्यासाठी पाहायचे नसते. समोर जे आहे ते पुरतेपणी समजावे एवढ्यासाठीच पाहायचे असते. ही रीत चित्रकाराची. ती कशी असते हे समजून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील एका फ्रेंच चित्राचा परिचय फार उपयोगी पडेल. त्या चित्राचे नाव ‘वादळी समुद्र’. ‘लाट’ या नावानेही ते ओळखले जाते. चित्रकाराचे नाव गुस्ताव्ह कूर्बे.

हे चित्र समजण्यापूर्वी त्या काळच्या युरोपीय चित्रकलेची स्थिती थोडक्यात पाहिली पाहिजे. फ्रान्समध्ये चित्रांचीही एक उतरंड ठरलेली होती. पुराणातील, धर्मग्रंथातील किंवा इतिहासातील थोर प्रसंगांची चित्रे सर्वांत वरच्या पायरीवर मानली जात. निसर्गचित्रांना त्यांच्या मानाने बरीच खालची जागा असे. झाडे, डोंगर, नद्या, ढग ही सारी मंडळी देवांच्या आणि वीरपुरुषांच्या मागे उभी राहणारी सेवकमंडळी. रंगभूमीवर मागे टांगलेल्या पडद्याकडे प्रेक्षक जितके लक्ष देतात, तितकेच लक्ष चित्रातल्या आकाशाकडे दिले जाई. इ. स. १८१७ मध्ये निसर्गचित्रासाठी सरकारी पारितोषिक ठेवण्यात आले, पण तेही ‘ऐतिहासिक निसर्गचित्रा’साठी. म्हणजे झाडाखाली कोणी पुराणपुरुष बसलेला असेल, तरच त्या झाडाला मान! शिवाय अशी चित्रे बहुधा चित्रशाळेच्या चार भिंतींच्या आतच पुरी होत. बाहेर जाऊन केलेली रेखाटने ही केवळ टिपणे समजली जात.

पुढे ही स्थिती पालटली. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लो अरण्याच्या कडेला बार्बिझाँ नावाचे खेडे आहे. तेथे काही चित्रकार जाऊन राहू लागले आणि साधी झाडे, साधी शेते, साधे ढग यांनाच चित्राचा विषय करू लागले. दोन शोधांचेही त्यांना साहाय्य झाले. इ. स. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने तैलरंग भरून ठेवण्यासाठी धातूची नळी तयार केली. त्यापूर्वी कालवलेले रंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावे लागत. ती पिशवी फुटे, रंग वाळून जात. नळी आली आणि रंग खिशात घालून हिंडणे शक्य झाले. दुसरा शोध रेल्वेचा. इ. स. १८४७ मध्ये पॅरिसपासून ल हाव्र या बंदरापर्यंत लोहमार्ग पुरा झाला आणि पॅरिसचा चित्रकार काही तासांत समुद्रावर पोहोचू लागला. कर्जतच्या वाचकाला या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगायला नको. त्याच सुमारास, इ. स. १८५६ मध्ये, मुंबईकडून निघालेला लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि इ. स. १८६३ मध्ये बोरघाट चढून पलीकडे गेला. डोंगराने अडवलेली माणसे समुद्राला आणि समुद्राकाठची माणसे डोंगराला जोडली गेली ती त्याच पिढीत.

गुस्ताव्ह कूर्बे हादेखील डोंगराने अडवलेल्या मुलखातला माणूस. त्याचा जन्म इ. स. १८१९ मध्ये फ्रान्सच्या पूर्व भागातील ऑर्नां या लहान गावी झाला. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीकडचा हा प्रदेश. चुनखडीचे उभे कडे, त्यांच्या तळाशी दरी, आणि दरीतून वाहणारी लू नावाची नदी. ही नदी कड्याखालच्या एका मोठ्या गुहेतून एकदम बाहेर पडते. कूर्बेचे बालपण हे कडे आणि ही नदी पाहण्यात गेले. वडील जमीनदार शेतकरी होते. मुलाने कायद्याचा अभ्यास करावा अशी त्यांची इच्छा. मुलाने पॅरिसला जाऊन चित्रकला जवळ केली. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने ल हाव्र येथे प्रथम समुद्र पाहिला. दरीत वाढलेल्या माणसाला तो अमर्याद समुद्र किती विलक्षण वाटतो, हे त्याने घरच्यांना पत्राने कळवले होते. जे रोज दिसते त्याचे नवल राहत नाही. समुद्राकाठी जन्मलेल्या मुलाला लाट ही वाऱ्यासारखी नेहमीची. ऑर्नांच्या मुलाला ती जन्मभर नवीच राहिली.

चित्रकाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीच रंगवाव्यात, हे कूर्बेचे व्रत होते. देवदूत त्याने पाहिले नव्हते, म्हणून ते त्याने रंगवले नाहीत. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारे मजूर त्याने पाहिले, ते रंगवले. आपल्या गावातील एका साध्या अंत्ययात्रेचे त्याने भव्य चित्र केले, तेव्हा गावंढळ माणसांना एवढा मोठा कॅन्व्हास कशाला, म्हणून पॅरिसमध्ये मोठा गहजब झाला. इ. स. १८५५ मध्ये त्याची काही महत्त्वाची चित्रे सरकारी प्रदर्शनात नाकारली गेली. तेव्हा त्याने प्रदर्शनाच्या जवळच स्वतःचा मंडप उभारून आपली चित्रे लोकांपुढे मांडली. असा हा बाणेदार आणि काहीसा हट्टी माणूस.

इ. स. १८६९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस कूर्बे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील एत्रता या गावी जाऊन राहिला. तेथे पांढऱ्या खडूच्या दगडाचे उंच कडे थेट समुद्रात उतरतात, आणि लाटांनी पोखरून त्यांत प्रचंड कमानी तयार केल्या आहेत. त्याचे घर अगदी समुद्राला लागून होते. पुढे कथालेखक म्हणून कीर्ती पावलेला गी द मोपासाँ त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. त्याने कूर्बेला काम करताना पाहिले आणि पुढे इ. स. १८८६ मध्ये त्या प्रसंगाचे वर्णन लिहिले. एका मोठ्या, सामानसुमान नसलेल्या खोलीत धिप्पाड कूर्बे स्वयंपाकघरातल्या सुरीने कोऱ्या कॅन्व्हासवर पांढऱ्या रंगाचे थर थापत होता. मधूनमधून उठून तो खिडकीच्या काचेला तोंड लावी आणि बाहेरचे वादळ पाही. समुद्र इतका जवळ आला होता की लाटा घरावरच आपटत आहेत असे वाटे, आणि खारे पाणी गारांसारखे काचांवर तडतडे.

या वर्णनातील दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, काचेला लावलेले तोंड. आणि दुसरी, हातातली सुरी. पहिली गोष्ट पाहण्याची, दुसरी करण्याची. चित्रकला या दोहोंच्या मिलाफाने बनते.

आता प्रत्यक्ष चित्राकडे वळू. त्याची उंची सुमारे ११७ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे १६० सेंटिमीटर आहे. म्हणजे उघड्या खिडकीपुढे उभे राहावे तसे पाहणारा त्याच्यापुढे उभा राहतो. पुस्तकातल्या वहीएवढ्या प्रतीत हा अनुभव येत नाही. तेवढी उणीव कल्पनेने भरून काढावी लागते. चित्राचे तीन आडवे पट्टे पडतात. सर्वांत खाली किनाऱ्याची काळसर पट्टी, मध्ये उसळणारे पाणी आणि वर ढगांनी जड झालेले आकाश. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आहेत. माणूस मात्र एकही नाही. बुडणारे गलबत नाही, दोर टाकणारा नाविक नाही, किनाऱ्यावर रडणारी स्त्री नाही. वादळाची जुनी चित्रे अशा प्रसंगांनी भरलेली असत; लाटेचे भय बुडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून पाहणाऱ्याला कळे. कूर्बेने हा मध्यस्थ काढून टाकला. आता लाट आणि पाहणारा यांच्यामध्ये कोणी उभे नाही. होड्या ओढून ठेवणारी माणसे शहाणपणाने घरी गेली आहेत. चित्रापुढचा माणूस तेवढा तेथे थांबला आहे.

मधल्या पट्ट्यात लाट उठली आहे. तिचा माथा पुढे कलला आहे, फेस फुटू लागला आहे, आणि पुढच्याच क्षणी ती कोसळणार हे दिसते आहे. ती कोसळत नाही. चित्रातला क्षण पुढे सरकत नाही. गती आणि स्थिरता यांचा हा विलक्षण मेळ आहे. खऱ्या समुद्रावर लाट इतक्या त्वरेने फुटते की तिचा आकार डोळ्यांत ठरत नाही. येथे तिच्या पोटातला हिरवट काळोख, कडेचा उजेड आणि माथ्यावरचा फेस हे सारे सावकाश पाहता येते. ही लाट फार जड वाटते. पाणी पातळ असते, हाताच्या ओंजळीतून निसटते. पण कूर्बेची लाट एखाद्या कड्यासारखी उभी आहे. ऑर्नांचे कडे पाहत वाढलेल्या माणसाने समुद्र पाहिला, तेव्हा पाण्यातही त्याला कडाच दिसला असावा. पावसाळ्यात पूर आलेली उल्हास नदी ज्याने पुलावरून पाहिली आहे, त्याला हे जडत्व समजावून सांगावे लागणार नाही. मोठमोठे ओंडके काडीसारखे वाहून नेणारे ते गढूळ पाणी पातळ असते असे कोण म्हणेल?

हे जडत्व रंगांत आले ते त्या सुरीमुळे. कुंचल्याने लावलेला रंग मऊ पसरतो. त्याच्या कडा एकमेकींत मिसळतात. सुरीने रंग थापला म्हणजे त्याचा थर उभा राहतो, त्याला कंगोरे येतात. गवंडी थापीने भिंतीला गिलावा लावतो, तसाच काहीसा हा प्रकार. फेसाच्या जागी पांढऱ्या रंगाचा असा खरा, हाताला लागेल एवढा थर बसवला की त्यावर पडणारा खोलीतला उजेडही त्या फेसाला चमक देतो. कूर्बेची आणखी एक रीत होती. तो बहुधा आधी कॅन्व्हास गडद रंगाने भरून घेई आणि मग अंधारातून उजेडाकडे जाई. काळ्या फळ्यावर खडूने काढणाऱ्या विद्यार्थ्याला ही रीत चटकन उमगेल. पांढऱ्या कागदावर आपण सावल्या भरतो, फळ्यावर उजेड भरतो. सूर्य उगवताना डोंगराचा माथा आधी उजळतो आणि मग हळूहळू बाकीचे दिसू लागते; कूर्बेचे चित्र काळोखातून तसेच उगवत जाते. म्हणून त्याच्या समुद्रातला उजेड वरून लावलेला वाटत नाही, आतून फुटलेला वाटतो.

परंतु या चित्रातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग म्हणजे त्याचे आकाश. ते समुद्राच्या मागे टांगलेला पडदा नव्हे. करड्या, जांभळट ढगांचे ढीग लाटांसारखेच एकावर एक चढले आहेत. ज्या हाताने आणि ज्या जोराने पाणी रंगवले, त्याच हाताने आणि त्याच जोराने ढग रंगवले आहेत. दोहोंचा पोत एकच आहे. क्षणभर असे वाटते की वर आणखी एक समुद्र उलटा पसरला आहे. ही केवळ कविकल्पना नव्हे. ढग समुद्रापासूनच होतो हे शास्त्र सांगते. कूर्बेने ते रंगांनी सांगितले. कर्जत-खालापूरचा रहिवासी तर या सत्याच्या अगदी मध्यभागी राहतो. त्याच्या घरावरून जाणारा ढग कालपरवा समुद्रात होता. म्हणून हे चित्र फ्रान्सच्या किनाऱ्याचे असले, तरी घाटाखालच्या माणसाला ते परके वाटण्याचे कारण नाही.

आकाश कसे पाहावे हे कूर्बेला शिकवणाऱ्यांत एका साध्या माणसाचे नाव घ्यावे लागेल. त्याचे नाव यूजीन बूदां. हा ऑंफ्लर या बंदरातील एका खलाशाचा मुलगा. समुद्रकाठी उभा राहून तो ढगांची लहान लहान चित्रे काढी आणि अनेकदा चित्रावरच तारीख, वेळ आणि वारा कोणत्या दिशेचा होता याची नोंद करी. इ. स. १८५९ मध्ये कूर्बेची आणि त्याची गाठ पडली, आणि आकाश खरे ओळखणारा हाच, असे कूर्बेचे मत झाले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या क्लोद मोनेला उघड्यावर चित्रे काढण्याची गोडी लावली तीही याच बूदांने. मोठ्या कलेच्या मागे पुष्कळदा अशी शांतपणे केलेली, वर्षानुवर्षांची टिपणे असतात.

इ. स. १८७० च्या वार्षिक प्रदर्शनात कूर्बेने ‘वादळी समुद्र’ या चित्राबरोबर आणखी एक चित्र ठेवले होते : ‘वादळानंतरचा एत्रताचा कडा’. त्यात तोच किनारा आहे, परंतु आकाश धुऊन निघाले आहे, कडा उन्हात न्हाला आहे आणि समुद्र निवला आहे. दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे निसर्गाचा एक पूर्ण श्वास दिसतो. आत घेतलेला आणि बाहेर सोडलेला. आषाढात चार दिवस झोडपल्यावर एखाद्या सकाळी ढग उचलले जातात, माथेरानच्या कड्यावरून पांढऱ्या धारा लोंबताना दिसतात आणि सारे खोरे हिरव्या उजेडाने भरून जाते. घाटाखालच्या माणसाला ही दोन्ही चित्रे दर पावसाळ्यात पाहायला मिळतात.

मग असा प्रश्न उद्भवतो की, जे भय उत्पन्न करते ते सुंदर कसे वाटते? समुद्रात सापडलेल्या खलाशाला लाट सुंदर वाटत नाही. किनाऱ्यावर उभ्या असलेल्याला वाटते. सौंदर्य पाहण्यासाठी पाय घट्ट जमिनीवर असावे लागतात. ही जाणीव नसेल, तर निसर्गाचे कौतुक पोकळ ठरते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर समाजाच्या वाडीवर मुसळधार पावसात दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह हाती लागले. ५७ जणांचा पत्ताच लागला नाही. ज्या पावसाने खाचरे भरतात, त्याच पावसाने ती वाडी गाडली. आणि घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या परिसरातील तलावांत साठवलेले हेच पावसाचे पाणी नळांतून खाली सोडून इ. स. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. इ. स. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीलाही असेच केंद्र उभे राहिले. पाणी एकच. ते अन्न देते, वीज देते आणि घरेही नेते. ते माणसावर रागावत नाही आणि माणसाला प्रसन्नही होत नाही. कूर्बेने लाटेला चेहरा दिला नाही, तिच्यापुढे माणूस उभा केला नाही, याचे मर्म येथे उलगडते. निसर्गाच्या शक्तीला आपले राग-लोभ चिकटवू नयेत. ती आहे तशी ओळखावी, तिचा आदर करावा आणि होड्या वेळेवर वर ओढाव्यात. सुंदर चित्र असा शहाणपणाही शिकवू शकते.

ज्या माणसाने वादळ रंगवले, त्याच्या आयुष्यातही लवकरच वादळ उठले. इ. स. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, फ्रान्सचा पराभव झाला आणि पुढील वर्षी पॅरिसमध्ये लोकांनी उठाव करून स्वतःचे शासन स्थापन केले. कूर्बे त्यात सामील झाला. त्या काळात नेपोलियनच्या विजयांचे स्मारक असलेला वाँदोम चौकातील स्तंभ पाडण्यात आला. उठाव मोडल्यावर कूर्बेला त्या प्रकरणी सहा महिन्यांची कैद झाली. पुढे स्तंभ पुन्हा उभारण्याचा सारा खर्च त्याच्याकडून वसूल करण्याचे ठरले, तेव्हा इ. स. १८७३ मध्ये त्याने देश सोडून स्वित्झर्लंडचा आश्रय घेतला. खर्चाचा आकडा ठरला तीन लाख तेवीस हजार फ्रँकांहून अधिक. दरसाल दहा हजार फ्रँकांच्या हप्त्याने तो फेडायचा होता. पहिला हप्ता देय होण्याच्या आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबर १८७७ रोजी, कूर्बेचे परदेशात निधन झाले. त्याच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतील. त्याच्या लाटेविषयी मात्र काळाने निर्णय दिला आहे. आज ते चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. हे संग्रहालय पूर्वी रेल्वेचे स्टेशन होते, इ. स. १९८६ मध्ये ते कलेचे घर झाले. ज्या आगगाडीने चित्रकारांना समुद्रावर नेले, तिच्याच एका जुन्या स्थानकात आता तो समुद्र मुक्कामाला आहे.

आपल्या महाराष्ट्रातही आकाश आणि पाणी यांना वाहून घेतलेले चित्रकार झाले. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा इ. स. १८५७ मध्ये सुरू झाली. तेथे शिकून कोल्हापूरला परत गेलेले आबालाल रहिमान हे त्यांपैकी एक थोर नाव. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. रंकाळा तलाव, तेथील संध्यामठ, पाण्यावर उतरणारा सायंप्रकाश हे त्यांचे आवडते विषय. इ. स. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. कूर्बेच्या लाटेचा गडगडाट त्यांच्या चित्रांत नाही. तेथे दिवस मावळताना थबकलेले पाणी आहे. पण दोघांची वृत्ती एक. पाणी आणि आकाश यांकडे त्यांनी सजावट म्हणून पाहिले नाही; तोच चित्राचा नायक मानला. आणि दोघांनीही विषय शोधण्यासाठी पुराणात न शिरता समोरच्या पाण्यातच तो शोधला.

चित्र पाहताना पुष्कळ जण पहिला प्रश्न विचारतात, ‘हे अगदी खऱ्यासारखे आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. आरसाही खऱ्यासारखे दाखवतो, पण आरसा कशाची निवड करीत नाही. चित्रकार निवड करतो. म्हणून असे प्रश्न विचारावेत : चित्रकाराने काय ठेवले आणि काय गाळले? उजेड कोठून येतो आणि कोठे थांबतो? डोळा प्रथम कोठे जातो आणि नंतर कोठे नेला जातो? आकाशाला किती जागा दिली आहे? रंग पातळ आहे की जाड? या प्रश्नांची उत्तरे शोधीत जो पाच मिनिटे चित्रापुढे थांबेल, त्याला चित्र आपण होऊन बोलू लागेल.

आणि ही पाच मिनिटे केवळ संग्रहालयातच घालवता येतात असे नाही. कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्याजवळ महागडे रंग नसतील, पॅरिस तर फारच दूर. पण बूदांची युक्ती कोणालाही करता येईल. जून ते सप्टेंबर या काळात वहीच्या एका पानावर रोज आकाशाचा एक लहानसा तुकडा पेन्सिलीने टिपावा. खाली तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहावी. चित्र सुबक झाले नाही तरी चिंता नाही. शंभर दिवसांनी ती वही उघडून पाहिली, म्हणजे दोन ढग कधीच सारखे नसतात एवढे तरी निश्चित कळेल. आणि ज्याला हे कळले, त्याचा डोळा उघडला असे समजावे.